खिशातली नारंगी गोळी

६ जानेवारी

सापडल्या! शर्ट धुवायला टाकताना ह्यांच्या खिशात हात घातला, तर कागद चुरचुरले. नारंगी गोळ्या! गेल्या महिन्यापासून इन्शुलिन सुरू झालंय आणि हे गृहस्थ शाळकरी पोरासारखे खिसे भरून हिंडतात!

विचारलं तर म्हणाले, "डॉक्टरांनीच ठेवायला सांगितल्यात."

हो का! साखर निघाल्यापासून हेच ऐकतेय. दिवाळीत गुलाबजाम — डॉक्टरांनी सांगितलंय, सणाला चालतो. सकाळी फिरून येताना जिलेबी — डॉक्टरांनी सांगितलंय, पोह्यांबरोबर खाल्ली तर लागत नाही. असा डॉक्टर इंदुरात खरंच असता तर त्याच्या दारात सराफ्यातल्या रात्रीच्या खाऊगल्लीपेक्षा जास्त गर्दी झाली असती. तपासायला जातात ते आमच्या शेजारच्या विष्णूजींबरोबर. मला नेत नाहीत. का, ते आता कळलं.

गोळ्या जप्त.

८ जानेवारी

त्याच गोळ्यांचं पाकीट किराण्याच्या दुकानातून आणलं आणि भिंग घेऊन बसले. जन्मभर आठवीला 'पोषण' शिकवलं, ते काय वाया घालवायचं?

पुढे कापलेलं संत्रं, रस नुसता टपटप गळतोय. मागे मुंगीएवढ्या अक्षरांत — 'यात फळ नाही.' वा! म्हणजे संत्रं फक्त फोटो काढून घ्यायला आलं होतं.

मग तक्ता. प्रथिनं शून्य. स्निग्ध शून्य. तंतू शून्य. एवढे भोपळे माझ्या वर्गातल्या कुठल्याच मुलाला मिळाले नाहीत. घटकांत पहिला मान साखरेचा, दुसरा लिक्विड ग्लुकोजचा — म्हणजे साखरेची सख्खी बहीण. मग आंबटपणाला ॲसिड, मग रंग, मग वास. एवढं करून समोर छाती काढून 'विटामिन सी युक्त'! आणि सगळा हिशोब कशाचा? तर एका गोळीचा. एक गोळी खाऊन थांबणारा माणूस ह्या कंपनीने कुठे पाहिला देव जाणे.

ह्यांना सगळं मोठ्याने वाचून दाखवलं. हे पेपरामागून म्हणाले, "म्हणजे शुद्ध साखर आहे ना? बस, मग ठीक."

ह्या माणसापुढे डोकं फोडून घ्यावं!

११ जानेवारी

समोरच्या घरातली सून मिताली पोषणाचा ऑनलाइन कोर्स करतेय. तिने कॉलनीत 'जागरूक सखी' ग्रुप काढलाय. आज बैठक आमच्याकडे. मी पाकीट फिरवून भाषण दिलं, बायका हळहळल्या, टाळ्या झाल्या. मिताली म्हणाली, "आंटीजी, शुगर इज पॉयझन!" त्यानंतर सगळ्यांनी तिने आणलेले खजुराचे लाडू खाल्ले. त्यात मिल्कमेडचा अख्खा डबा आहे असं नंतर कळलं, पण खजूर नॅचरल असतो म्हणे.

रात्रीपर्यंत ग्रुपवर लेबलांचे फोटोच फोटो.

१३ जानेवारी

फिरायला निघण्याआधीची ह्यांची दोन बिस्किटंही आजपासून बंद. लेबल वाचलं — मैदा आणि साखर.

खिशात परत गोळ्या! विष्णूजी फाटकातूनच म्हणाले, "भाभीजी, राहू द्या ना, टाइम पे काम येते." मी म्हटलं, "तुम्ही दोघं एकाच माळेचे मणी!" बिचारे गेले निमूट.

१६ जानेवारी

जप्त करून उपयोग नाही, हे पुन्हा विकत आणतात. तेव्हा युक्ती!

मितालीने बिनसाखरेच्या गोळ्या आणून दिल्या. तोच आकार, तोच रंग. हे मॅच बघत बसलेले असताना मी स्वयंपाकघरात एकेक नारंगी गोळी सोलली, तिच्या कागदात बिनसाखरेची घातली आणि दोन्ही टोकांना पीळ दिला. शिकवायच्या काळात खडूही इतके नेटाने रचले नसतील. मग जशाच्या तशा खिशात.

१८ जानेवारी

खाल्ली! माझ्यासमोर चघळली, पेपर उलटला, एक शब्द नाही. मला पदर तोंडाला लावून आत पळावं लागलं.

२२ जानेवारी

गोळ्यांसाठी ओरडायची गरज नाही, तर घर किती शांत वाटतं! आज दुपारी गच्चीवर उन्हात दोघं बसलो. मी मटार सोलले, ह्यांनी निम्मे खाल्ले. नोकरीतल्या गमती सांगत होते, मीही हसत होते. आम्ही असे शेवटचे कधी बसलो होतो?

सकाळची साखर उत्तम आली. ग्रुपवर टाकली. मितालीने फुलांचा वर्षाव केला. मी तर म्हणते, हा प्रयोग पाठ्यपुस्तकात घ्यायला हवा.

२७ जानेवारी



सकाळी हे आणि विष्णूजी बगीच्यात फिरायला गेले. इन्शुलिन घेतलेलं, पोट रिकामं — बिस्किटं मीच बंद केलेली. दुसऱ्या फेरीत ह्यांना दरदरून घाम फुटला. बोलणं अडखळायला लागलं, विष्णूजींनाही ओळखेनात. विष्णूजींनी बाकावर बसवलं आणि खिशातली गोळी तोंडात घातली. मग दुसरी. मग तिसरी. काही नाही! काय होणार होतं? साखर होतीच कुठे त्यांत!

फाटकावर पोह्यांचा ठेला आहे, मनीषचा. तो जिलेबीचा पाक ग्लासात घेऊन धावत आला. "दादाजी, पियो! पियो भिया, पियो!" घोट घोट पाजला. थोड्या वेळाने हे भानावर आले.

मी दवाखान्यात पोचले तेव्हा डॉक्टर विष्णूजींना विचारत होते, "जेब में गोली नहीं रखते क्या? मैंने कहा था ना, इन्शुलिन चालू है, शुगर गिरे तो तुरंत चूसनी है."

खरंच सांगितलं होतं.

"तीन-तीन खिलाई, साहब! कुछ असर ही नहीं!" विष्णूजी रडकुंडीला आले होते.

डॉक्टरांनी विष्णूजींच्या हातातला गोळीचा कागद उलटून पाहिला. "असर तो होना चाहिए था. इसमें शक्कर के सिवा है क्या?"

त्या कागदाला पीळ मीच दिलेला. आणि पलंगावरून हे हळूच म्हणाले, "पुरानी पड़ी थी, डॉक्टर साहब. मेरी ही गलती है."

२८ जानेवारी

घरी आणलं. चहा दिला, साखर घालून. मग सगळं सांगून टाकलं — सोललेल्या गोळ्या, पीळ, सगळं. रडले.

हे म्हणाले, "अगं, पहिल्याच गोळीत कळलं होतं मला. गोडाच्या बाबतीत मला कोण फसवणार?"

"मग नवीन का नाही आणल्या?"

"आणणार होतो. पण मग परत तुझी झडती, परत भांडण. आणि तू इतकी खुशीत होतीस, कुमुद. म्हटलं, अजून चार दिवस राहू दे."

इतका राग आला मला! त्यांचा हात धरला होता, तो रागारागाने तसाच घट्ट धरून बसले.