उरलेल्या दोन सुया

अप्पा, तुमचा मुलगा, आपला धाकटा, आता घरी आहे. गुलबर्ग्याच्या दवाखान्यातून त्याला परत पाठवलं. बरा झाला म्हणून नव्हे, तिथं करण्यासारखं काही उरलं नाही म्हणून. काविळीचा विषाणू वर्षानुवर्षं लिव्हरमध्ये दबा धरून बसला आणि त्याचा कॅन्सर झाला, असं डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन कानडीत सांगितलं. अख्ख्या मुलखाची कावीळ उतरवणाऱ्या माणसाचा मुलगा काविळीनंच चाललाय, हे तुम्हाला कुणीतरी कळवायला हवं होतं. मीच उरले आहे.

तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी मला तुम्ही दिसता ते रविवारी भल्या पहाटेच. निर्णा गावातल्या आपल्या ओसरीवर हुमनाबादहून, भालकीहून, पार खटकचिंचोळीहून आलेली माणसं बसली आहेत, डोळे पिवळेधम्मक. तुम्ही ओलेत्यानं भुईआवळ्याचा पाला वाटताय, कुणाशी बोलत नाही. दिवस उगवायच्या आत प्रत्येकाच्या हातावर गोळी, वरून ताक. मग पथ्य: तेल नको, हळद नको, आणि गोळी अंगात आहे तोवर सुई टोचून घ्यायची नाही. बहुतेक माणसं बरी व्हायची. त्यांतली कित्येक काहीही न घेता बरी झाली असती हे मला फार पुढे समजलं, आणि तुम्हाला तर कुणी सांगितलंच नाही.

म्हणून शाळेत काविळीच्या लशीचं शिबिर लागलं तेव्हा अप्पा आता भांडणार, असं सगळ्या गावानं धरलं होतं. तुम्ही तर धाकट्याचा हात धरून सगळ्यांच्या पुढे जाऊन उभे राहिलात. मला त्याचा अजून अभिमान वाटतो. सुई टोचून झाल्यावर नर्सबाई म्हणाल्या, अजून दोन घ्याव्या लागतील, थोड्या थोड्या महिन्यांनी. तुम्ही हसलात. “कामून बाई? इरजण एकदाच घालतेत की. मग दूध आपलं आपण लागतंय. त्याला ऊब पायजे फकस्त, ती माझा पाला देतोय.” बाई पण हसल्या. गावाला ते इतकं पटलं की दुसऱ्या सुईच्या दिवशी शाळेत चिटपाखरू फिरकलं नाही, सगळे आपल्या ओसरीवर. आणि धाकट्याला तुम्ही स्वतःच्या मांडीवर बसवून गोळी दिलीत. मी तेव्हा उदगीरला वसतिगृहात. तिथं कुणाला काही न विचारता तिन्ही सुया टोचल्या. म्हणून मला भीती नाही. त्यात माझी अक्कल काडीची नाही.

मी डॉक्टरांना विचारलं, त्या उरलेल्या दोन सुया दिल्या असत्या तर? ते म्हणाले, सांगता येत नाही. विषाणू आधीच अंगात असेल तर सुयांनीही काही झालं नसतं. म्हणजे तुम्हाला धड दोष देता येत नाही, आणि सोडताही येत नाही. मग मी लाजत लाजत पाल्याचं विचारलं. ते रागावले नाहीत. अशा विषाणूंच्या लशींना झाडपाल्यातून काढलेल्या अर्काची जोड देऊन त्यांचं बळ वाढतं का, हे कुठं कुठं प्रयोगशाळेत तपासतायत म्हणे. पण पूर्ण लशीच्या सोबतीला, लशीच्या जागी नव्हे. आणि ज्यांना रोग झालाच आहे त्यांना त्याचा काही उपयोग नाही. दवाखान्याच्या पायरीवर बसून मी तुमच्यावर कधी नव्हे इतकी चिडले, अप्पा. साफ चुकला असतात तर बरं झालं असतं.

परवा धाकटा म्हणाला, “अक्का, अप्पाचं औषध तुला येतंय न्हवं? दे की.”

“डॉक्टर नको म्हणलेत रे. अजून तरास हुईल.”

“आता आनिक काय हुयाचं ऱ्हायलंय?”

त्याची बायको भिंतीला टेकून माझ्याकडे बघत होती. काल मी बांधावर जाऊन पाला आणला, वाटला, दिला. ताक त्याच्या ओठावरूनच ओघळलं. मरणाऱ्याचं मन मोडू नये, असं मी भावजयीला समजावलं, आणि तिनं मान हलवली.

हे पत्र मी तिला दाखवणार नाही, आणि तुम्हाला धाडायचं तर कुठं धाडू? पण एक गोष्ट तुम्हालाच सांगण्यासारखी आहे. आज उठल्या उठल्या मी त्याचं तोंड उजेडाकडे वळवलं आणि डोळ्यांचा पिवळेपणा उतरलाय का ते बघितलं. डॉक्टरांचं सगळं ऐकून, सगळं समजून, मला खरंच वाटलं होतं की उतरला असेल.

उतरला नव्हता.