पुढची तारीख

मंगळवार, ९ मार्च. सकाळचे अकरा वाजून दहा मिनिटं. टाइपरायटरची फीत बदलत होतो, ती अर्धवट ठेवून लिहितो आहे.

प्रिय दादा,

तू बंडखोरांबरोबर जंगलात होतास आणि मी शांतता वाटाघाटींच्या दालनात टायपिस्ट. सातवीत माझी शाळा सुटली तेव्हा तूच म्हणालास, "निदान कागद स्वच्छ ठेव, नोकरी लागेल." लागली.

इथला नियम साधा होता. उठण्याआधी पुढच्या बैठकीची तारीख टाइप व्हायची, दोन्ही बाजू सह्या करायच्या आणि त्या तारखेपर्यंत कोणी गोळी झाडायची नाही. असे अकरा कागद मी केले. प्रत्येक कागदाला तुझ्या जिवाचे पंधरा दिवस धरायचो.

बाराव्या बैठकीत आवाज चढले. तरी मध्यस्थ बाईंनी दोघांना कसंबसं राजी केलं. फक्त चौदाची सोळा तारीख करायची होती.

"अरे, खोड आणि पेनाने लिही! बसलेत तोवर सह्या होऊ देत."

"बाई, खाडाखोड बरी नाही दिसत. दोनच मिनिटं."

मी नवा कागद चढवला. स्वच्छ टाइप करून आणला, तोवर कोणीतरी टोमणा मारला होता आणि खुर्च्या रिकाम्या झाल्या होत्या.

चौथ्या दिवशी गोळी लागून तू गेलास. आई म्हणते, "एवढी मोठमोठी माणसं, एक तारीख लिहिता आली नाही मेल्यांना?" मी मान डोलावतो. तिला सांगितलेलं नाही.

वर आधी 'जंगलात आहेस' असं लिहून खोडलं आहे. हा कागद मी बदलणार नाही.

तुझा,
धाकटा