गॅस सुटला, विमानातून उतरा!

१४ मे २००६, रवि.
बाबा हो म्हणाले! ताईच्या बाळाच्या बारशाला नागपूरला येतायत. ताईने कॅम्प २ या सिंधी वस्तीतल्या पोराशी, म्हणजे आमच्या हरीशजीजूंशी, कोर्टात लग्न केलं तेव्हापासून बाबांनी तिच्याशी बोलणं टाकलंय. राग सिंधी असण्याचा नाही, आधी सांगितलं नाही याचा. (असं ते म्हणतात.) विमानाची तिकिटं जीजूंनीच पाठवली. मी आमच्या अख्ख्या बेलवलीला सांगून आले.

१६ मे
आईचे डिंकाचे लाडू झाले. बाबांनी बूट दोनदा पॉलिश केले. विमानात बूट कोण बघणार? पण बोलले नाही. मूड जायचा.

१७ मे, बुध.
काय लिहू. घरीच आहोत.
विमानात बसलो, दार लागलं, पट्टे बांधले. तेवढ्यात डोक्यावरच्या फटींतून पांढरा धूर. एसीची वाफ, दुसरं काय! पण बाबांचा जन्म गेला अंबरनाथ एमआयडीसीत, केमिकल कंपनीत. त्यांनी रुमाल भिजवून नाकाला लावला, आईला पदर लावायला लावला, आणि उभे राहून ओरडले, "गॅस सुटला! उतरा सगळे!"
हवाईसुंदरी म्हणाली, "अंकल, एसी है. उमस में ऐसा होता है."
बाबा : "हमारा मॅनेजर भी ऐसाच बोलता था."
झालं. मागचं एक जोडपं म्हणे आम्हालाही उतरवा. मग आणखी एक बाई. विमान जागचं हलेना. शेवटी सांगितलं, उतरतील त्यांना परत घेणार नाही. ते ऐकून बाकीचे टपाटप खाली बसले. उतरलो आम्ही तिघंच.
खाली बाबा वारा कुठून येतो ते शोधायला लागले, गॅस सुटला की त्या बाजूला पळायचं असतं म्हणे. लांब खांबावर वारा दाखवणारी कापडी पिशवी होती, कंपनीत असते तशीच. बाबा एकदम खूश. "बघ! यांच्याकडे पण आहे. म्हणजे सुटतोच इथे गॅस." मी कपाळावर हात मारला.
मग सिक्युरिटीवाल्यांची खोली, तेच तेच प्रश्न, आमच्या बॅगा शोधून काढणं. विमान गेलं ते बाबा काचेतून बघत होते. "व्यवस्थित उडलं," म्हणाले. जरा नाराजीनेच.

१८ मे
ताईचा फोन. रडली. "यायचंच नव्हतं तर सरळ सांगायचं ना. गॅसचं नाटक कशाला?" बारसं पुढे ढकललंय म्हणाली. बाबा शेजारीच पेपर वाचत होते. उलटा नव्हता, पण पानही उलटत नव्हते.
शेजारच्या काकू विचारून गेल्या, नागपूर कसं होतं? अख्ख्या बेलवलीला सांगायची हौस मलाच होती.

२० मे, शनि.
आई आज कडाडली. "नातवाचं तोंड बघायचं नसेल तर मला तरी जाऊ द्या." संध्याकाळी गच्चीत गाठलं बाबांना. म्हटलं, बाबा, खरं सांगा. गॅस, की ताई?
"गॅसच," म्हणाले. मग दोरीवरचा रुमाल काढता काढता, "पण खाली उतरल्यावर बरं वाटलं, हे पण खरं."
एवढा चिडलेला माणूस ताईसमोर जायला इतका घाबरलेला असेल, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. खूप माया आली.

२१ मे
ताईला सगळं सांगितलं. रुमाल, कापडी पिशवी, "व्यवस्थित उडलं". ती इतकी हसली की बाळ उठलं. गच्चीतलं शेवटी सांगितलं. तेव्हा हसली नाही. "आण त्यांना," एवढंच म्हणाली.
जीजू परत तिकिटं काढतायत. धन्य तो जावई.

२५ मे, गुरु. विमानात
अक्षर वाकडं येतंय. आत्ताच दार लागलं. वाफ आली, आज जास्तच. बाबांनी माझं मनगट धरलंय, म्हणून तर अक्षर असं.
"उतरायचंय?" मी विचारलं. नाही म्हणाले. मग कानाशी येऊन, "तिच्याशी पहिलं काय बोलू?"
"जयभीम म्हणा."
"ते तर मी सगळ्यांनाच म्हणतो."
मी आईला विचारलं, तर ती म्हणाली, माझ्याशी तरी कधी विचार करून बोललात? विमान धावायला लागलंय. बाबा ओठातल्या ओठात काहीतरी म्हणून बघतायत, मान हलवतायत, परत पहिल्यापासून