तिसरी केबल

आलापल्ली,
१२ जुलै

प्रिय दादा,

सप्रेम जयभीम. इथी सगळे बरे आहेत. आईचे गुडघे आता कसे आहेत? तिले म्हणा, गच्चीवर पापड वाळवायचा नाद आता सोड. भामरागडच्या रस्त्यावर पुन्हा पाणी आलं, त्याच्यानं आईचा जवाई कुलदीप तिथी शिकवते त्या शाळेतच अडकला आहे. माझे सासरे, मामाजी, जसे होते तसेच. लकव्यानं उजवी बाजू गेली ती गेलीच. डाव्या हातानं चहाचा कप धरतात, जीभ जड आहे, दिवसाकाठी एखादा शब्द साफ निघते. त्याईचं सगळं मीच पाहते, म्हणून दिवस कसा जाते कळत नाई.

फोन सोडून चिठ्ठी काऊन लिहून राह्यली म्हणून हासशील. पावसात टॉवर राहत नाई.

तुझा निरोप भेटला. वाजवत नसशील तर बेस गिटार आपल्या भीमगीताच्या पार्टीले देऊन टाक, धम्मचक्र दिनाच्या कार्यक्रमाले कीबोर्डवरच्या बेसनं भागत नाई, अन् ते नवीन पोरगी रिना शिकायले तयार आहे, असं तुझं म्हणणं. बरोबरच आहे. वस्तू हातात राह्यली पाहिजे. पाठवीन. मले काई वाईट नाई वाटलं.

पण रिनाले नीट समजावून सांगजो. गिटारवाले पोट्टे येतात, काई माहीत नसते अन् चाव्या पिळत बसतात, त्याईले हात लावू देऊ नको. पावसाळ्यात बेसची मान, तारांखालची लांब दांडी, ओल पेते अन् तारांच्या ओढीनं पुढे वाकते. मग तारा उंच होतात, दाबता दाबता बोटं दुखतात, अन् वाजवणाऱ्याले वाटते आपल्यातच जोर नाई. जोर असते, मान वाकली असते. जाडी तार पहिल्या पट्टीवर अन् शेवटच्या पट्टीवर दाबून धरायची अन् मधात पाहायचं. लग्नपत्रिकेचा कागद जाईल एवढी फट पाहिजे. जास्त असली तर मानेच्या आतली सळी एल-पान्यानं उजवीकडे पाव फेरा. पावच. मग उद्यापर्यंत थांबायचं, लाकडाले उशिरा कळते. जोर केला अन् सळी तुटली तर त्या मानेचं मग काई होत नाई.

अन् कार्यक्रम नसला की तारा पूर्ण सैल करून ठेवणारे शहाणे भेटतील. आराम देतो म्हणतात. तसं कधीच करायचं नाई. तारांनी ओढलं नाई तर आतली सळी एकटीच ओढते अन् मान उलटी मागं जाते. वाजवून झालं की फडक्यानं तारा पुसायच्या, अन् अ‍ॅम्पच्या पेटीले जोडायची केबल काढून ठेवायची. लावलेली राह्यली की आतली बॅटरी जळते. माझी बॅटरी लग्नापासून तेच आहे, अजून उतरली नाई.

केबलवरून आठवलं. एक केबल पाठव. बेस पाठवायच्या आधी पिकअप आवाज उचलते का तपासून घेते. जुनी खराब झाली. आमच्या घरी पाठवू नको, दुपारी दार उघडायले कोणी नसते. बुधरीच्या पत्त्यावर पाठव, ते मामाजीची मालिश करायले रोज येते.

आईले सांगजो मी मजेत आहे.

तुझी,
संघप्रिया


आलापल्ली,
५ ऑगस्ट

प्रिय दादा,

जयभीम. केबल भेटली. तुझी चिठ्ठी वाचून लय हासली. म्हणे एक लग्नात दिली, एक दिवाळीत दिली, आता हे तिसरी, तू केबल खाते काय? खाते. इथी भाजीपाला महाग आहे.

आता आणखी हास. हेही खराब झाली. असो.

बेस अजून पाठवला नाई म्हणून रागावू नको. मान अजून जागेवर आली नाई. इथली ओल तुले माहीत नाई, मिठाच्या बरणीत पाणी सुटते. अशात गाडीवर चढवला तर रिना म्हणेल, काय लाकूड पाठवलं तुमच्या बहिणीनं. अन् तारा मेल्या होत्या. नवीन तारा इथी कुठी भेटतात? मग तू शिकवलं होतं तसं त्या सोडवून पाण्यात उकळल्या. नेमक्या सासूबाई आल्या. झाकण काढलं अन् पाहतात तर भाताच्या गंजात तारा. विचारतात, हे काय शिजवून राह्यली. मी म्हटलं, तारा. त्याईनं गंज उचलून बाहेर ठेवला अन् राखेनं घासला, पुन्हा घासला. संध्याकाळपर्यंत शेजारपाजारच्या बायाईले माहीत झालं की गुणवंतरावाची सून लोखंड शिजवते. मामाजीले सांगतलं तर ते तोंड वाकडं करून हासले. लकवा झाल्यापासून पहिल्यांदा हासताना पाह्यलं त्याईले.

तारा मात्र जित्या झाल्या. आता वाजवते कशी ते ऐक, तुले आवडेल. मामाजीच्या खोलीत सागाचं कपाट आहे, त्याईनं जवानीत इथल्याच सुताराकडून करून घेतलेलं, चार माणसं लावल्याशिवाय हालत नाई. बेसचं डोकं त्या कपाटाले टेकवून वाजवलं की सगळं कपाट घुमते. आतल्या भांड्याईपर्यंत जाते आवाज. अ‍ॅम्पची गरज नाई, केबलची नाई, लाइनची नाई. सासूबाई दुपारी विहारात जातात तेव्हा वाजवते. मामाजी जवानीत भीमगीताच्या मंडळात ढोलक वाजवत. पहिल्या दिवशी मी वाजवलं तर त्याईचा डावा हात खाटेच्या दांडीवर चालू झाला. चुकत होता, पण सोडला नाई. मी थांबली तर बोलले, "वाजव." त्या दिवसाचा साफ शब्द तो.

तर बेस थोडे दिवस राहू दे. मामाजीसाठी म्हणते. मले असं काई नाई.

पूर ओसरला तेव्हा कुलदीप आला होता, दोन दिवस राहून गेला. त्याच्या शाळेत पाणी शिरलं नाई, बरं झालं.

तुझी,
संघप्रिया


आलापल्ली,
२७ ऑगस्ट

दादा,

जयभीम. तुझी चिठ्ठी बुधरीनं तेलाच्या शिशीसोबत पिशवीत लपवून आणली. येत्या रविवारी पार्टीची गाडी घेऊन अहेरीले येतो, कार्यक्रमाची बोलणी आहेत, परतताना बेस घेऊन जातो, असं लिहिलं. अन् खाली लिहिलं, संघू, खरं सांग, केबलचं काय झालं.

दोन चिठ्ठ्या तुले मान अन् तारा सांगत बसली. आता सांगते.

पहिली केबल कुलदीपच्या बॅगेत भामरागडले गेली. चुकून गेली म्हणे, अन् दर वेळेस आणायले विसरते. दिवाळीत दिली ते सासूबाईनं आंगणात कपडे वाळवायले बांधली. मजबूत आहे म्हणे. आजही तिच्यावर कुलदीपच्या बनियना वाळतात. अन् तिसरी कुलदीपनं माझ्यासमोर कापली. मामाजीच्या खाटेखालून मी अ‍ॅम्प बाहेर काढला होता, त्याच्यावर सासूबाईनं तांदळाचं पोतं ठेवलं होतं ते सरकवून. फक्त पिकअप तपासून राह्यली होती. तो आला, हात पुढं केला, मले वाटलं पाहून राह्यला असंल, म्हणून दिली. फ्यूज बांधायची पकड घेतली अन् बारीक बारीक तुकडे केले. आतली तार निघाली त्यानं आंगणात वालाचा वेल बांधला. रागानं नाई केलं, दादा. राग असता तर मी भांडली असती. हात धुतले, जेवायले बसला, अन् वरणाले मीठ कमी आहे बोलला.

तुले माहीत आहे, मले पाहायले आले तेव्हा हेच लोक म्हणत होते की आमच्या घरी कलेची कदर आहे. लग्नानंतर इथल्या जयंतीले मी एकदा वाजवलं, ते तेवढंच. कोणीतरी व्हिडिओ काढला. शाळेत कुलदीपचे सोबती त्याले म्हणाले, सर, मॅडमचा स्टेजवरचा नंबर किती वाजता आहे आज? तेव्हापासून बंद. बंद कर असं कोणी म्हटलं नाई. केबल गेली, बस.

अन् टॉवर इथी चांगला आहे. फोन सासूबाईजवळ राहते. तुझा आला की स्पीकरवर लावतात, सगळे ऐकतात, अन् मी मजेत आहे म्हणते. बाजारात जायचं तर सासूबाई सोबत. मायेरी जायचं काढलं तर म्हणतात, मामाजीले कोण पाहील. खरंच कोण पाहील?

कपाटाचं पण सांगते. सासूबाई विहारातून लवकर आल्या एक दिवस, त्याईले वाटलं घरात चक्की चालू झाली. कुलदीप या खेपेले आला तर भिंतीले खिळे ठोकले अन् बेस समोरच्या खोलीत टांगून टाकला, बाबासाहेबाच्या अन् बुद्धाच्या फोटोच्या बाजूले. कोणी आलं की दाखवते, आमची मॅडम आर्टिस्ट आहे. मी उंचावून पण हात पुरत नाई. अन् दादा, त्यानं तारा पूर्ण सैल करून टाकल्या. चारही. लोंबून राह्यल्या. स्टुलावर चढून पोट्टे हात लावतील, आवाज नको म्हणे. मी सांगतलं, असं करू नको, मान जाते. तो बोलला, कोणाले वाजवायचा आहे?

मान जाऊन राह्यली. खालून मले दिसते. झाडू मारताना बाजूनं पाहते, रोज थोडी मागं. स्टूल घेऊन चढली तर सासूबाई दारात येऊन उभ्या राहतात, पडशील म्हणतात.

परवा मामाजीले पेज भरवत होती. ते कपाटाच्या रिकाम्या कोपऱ्याकडे पाहत होते. मी म्हटलं, मामाजी, रविवारी दादा येऊन बेस घेऊन जाणार आहे. त्याईनं डाव्या हातानं माझं मनगट धरलं. लय वेळ जीभ हालवत राह्यले, लाळ पुसली मी, मग निघालं.

"तू जा."

मी विचारलं, तुम्हाले कोण भरवील? त्याईनं डोळे मिटून घेतले. पेज अर्धी राह्यली. मी बाहेर मोरीत जाऊन लय रडली. मग विचार केला, सासूबाईले दोन हात आहेत, कुलदीपले दोन हात आहेत. बाप त्याचा आहे. मले मामाजीची माया आहे अन् ते राहील, पण त्या मायेले यांनी माझ्या पायात बांधून ठेवलं.

दिवाळीत तू मले म्हटलं होतं, संघू, थोडं जुळवून घे. घेतलं, दादा. आता या वेळेस तसं म्हणू नको, मी तुले हात जोडते. आईलेही म्हणू देऊ नको.

रविवारी ये. बेस न्यायले आलो, एवढंच सांगजो. कुलदीप घरीच राहील. तो खुशीनं देईल, भिंत मोकळी होते. चहा पेजो, मामाजीच्या पाया पडजो. बेस खाली काढला की मी म्हणीन, मान नाजूक झाली आहे, गाडीत ठेवायची कशी ते मलेच माहीत आहे. त्याले कोणी नाई म्हणणार नाई. मी बेसले पोटाशी धरून बाहेर येईन अन् मागच्या सीटवर बसीन.

मी बसली की गाडी सुरू कर. दादा, मले उतर म्हणू नको.

रविवारची वाट पाहणारी,
तुझी
संघू