रविवारी वेचलेला कापूस

वलगाव, रविवार, दिवेलागण. सन १८६४.

संतापाच्या भरात लिहायला बसलो आहे. यंदा कापसाला कधी नव्हता असा भाव, शेतात बोंडं फुटलेली, आणि सकाळपासून आभाळ भरलेलं. तरी पाद्रीसाहेबांचा हुकूम, प्रभूच्या दिवशी वेचणी नाही. मी आज्ञा पाळली. अमरावतीला चालत जाऊन प्रार्थनेला बसलो. साहेबांनी सगळ्यांदेखत माझी नम्रता वाखाणली. मी मान खाली घातली, पण आतून फुललो होतो.

परतलो तेव्हा पाऊस लागला होता, आणि माझ्या ओसरीवर कापसाचा ढीग. कोरडा. शेजारी थोरला भाऊ उभा. मी बाप्तिस्मा घेतल्यापासून माझ्या हातचं पाणीसुद्धा न घेणारा! बायकोपोरांना घेऊन दिवसभर माझ्या शेतात वाकला होता. कोणी सांगितलं होतं याला?

"दादा, काहून वेचला?" मी ओरडलोच.

"तुया देवानं तुले मनाई केली, मले थोडीच केली," म्हणाला, आणि भिजत निघून गेला.

कोरडा ढीग समोर आहे. बघवत नाही. चिडलो तरी कोणावर आहे मी? गेल्याच रविवारी, दादाचं कठोर मन मऊ व्हावं म्हणून मी प्रार्थना केली होती. सगळ्यांपुढे. मोठ्याने.