वाचून दाखवायचं राहून गेलेलं वाक्य

त्रॉम्सो, ७ नोव्हेंबर १९९४

प्रिय बाबा,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तुम्ही हे पत्र न उघडताच खिडकीतल्या फळीवर ठेवाल, हे मला माहीत आहे. ठेवा. पण चुलीत घालू नका. बोर्गहिल्ड आत्या कॉफी पिऊन, तुम्हाला दोन गोष्टी सुनावून घरी गेली की मग सावकाश उघडा. फोन केला असता, पण फोनवर तुम्ही मला हवा सांगता. वाढदिवसाला केला, “वारा पडलाय.” नाताळला केला, “बर्फ ओला आहे.” आणि ठेवून दिलात. सहा वर्षांत आपल्या बेटावरची हवा मला जितकी कळली, तितकी वेधशाळेलाही कळली नसेल.

इथे माझं बरं चाललंय. खोली तीच आहे, थिएटरपासून दहा मिनिटांवर, वरच्या मजल्यावर. सूर्य आता दुपारी डोंगरावरून जेमतेम डोकावतो, आणि रविवारी तेवढंच एक ओळखीचं तोंड दिसतं. माणसं चांगली आहेत, पण सगळ्यांना आपापली घरं आहेत. रविवारी मी कॉड मासा उकडते, एकटीला जास्त होतो, सोमवारी तोच खाते. हे तक्रार म्हणून लिहीत नाही. तुम्हीही तेच करता, आत्याने सांगितलं. दुकान उघडल्या उघडल्या, बाकावर कोणी बसायच्या आत, तुम्ही कॉफीचं पाकीट घेऊन परत येता, हेही तिनेच सांगितलं.

बातमी अशी आहे की मला पहिलं नाटक मिळालंय, माझं एकटीचं. पाच वर्षं मी इथे कॉफी आणली, खुर्च्या मांडल्या, नटांना विसरलेली वाक्यं आठवून दिली, दुसऱ्यांच्या नाटकांसाठी वह्या भरल्या. आता फलकावर ‘दिग्दर्शन’ या शब्दाखाली माझं नाव लागेल. आपल्या घरातलं पहिलं पदवीचं प्रमाणपत्र माझं, आणि आता हेही. पदवीच्या वेळी तुम्ही सगळ्या धक्क्याला सांगत फिरला होतात. माझा वर्तमानपत्रातला पहिला लेख, तोही फक्त फेरीबोटीच्या नव्या वेळापत्रकावरचा, तुम्ही घडी घालून पाकिटात ठेवला होता. दुकानातल्या बाकावरून हाल्वार तुम्हाला म्हणाला होता, “एलिफ, वेळापत्रक आम्हाला पाठ आहे रे, आता पोरीला एखादा गुन्हा तरी करू दे, म्हणजे वाचायला काही मिळेल.” तुम्ही हसला होतात. ते हसणं मी पुष्कळदा आठवते.

पुढे मी गुन्हा केला तो तुमचाच.

वर्तमानपत्रात आमची एक पद्धत होती, तुम्हाला ती माझ्याइतकीच ठाऊक आहे. कोणाचंही बोलणं छापण्याआधी त्याला फोन करून त्याचीच वाक्यं वाचून दाखवायची. तो म्हणाला काढ, तर काढायचं. पहिल्याच आठवड्यात मी संपादकांशी वाद घातला होता, की माणूस बोलला तर बोलला, खरं ते खरं. ते म्हणाले, “पोरी, उद्या त्या दुकानात त्याला उभं राहायचंय, तुला नाही.” तेव्हापासून मी सगळ्यांना फोन केले. पाद्रीबुवांना केला, नगराध्यक्षांना केला, शाळेच्या भिंतीवर चित्र काढणाऱ्या सात वर्षांच्या मुलीलासुद्धा केला. तिने एक शब्द बदलायला लावला होता.

आणि तुमचा साठावा वाढदिवस आला. संपादकांना मुलाखत हवी होती, गावातल्या प्रत्येक साठीच्या माणसाची छापतात तशीच. फेब्रुवारी होता. तुम्ही ताजा कॉड आणि गाभोळी उकडली होती, काचेवर वाफ धरली होती. वही पुढ्यात होती तोवर तुम्ही काय बोललात? बोट कोणत्या साली घेतली, कोणत्या वर्षी मासा जास्त लागला. मी वही मिटली, बटाटे सोलायला घेतले, आणि तुम्ही खिडकीकडे बघत म्हणालात, “चाळीस वर्षं रोज सकाळी होडीघरामागे जाऊन ओकायचो. भीतीनं. मग तोंड धुवायचो आणि सगळ्यांच्या आधी बोटीत चढायचो. तुझ्या आईलाही माहीत नव्हतं.” आणि लगेच मीठ मागितलंत.

परतीच्या बोटीवर मी ते लिहून काढलं. इतकं चांगलं मी आयुष्यात कधी लिहिलं नव्हतं. तुम्हाला फोन केला नाही. आत्याला मी नंतर सांगितलं की घरच्या माणसाला काय विचारायचं, मला सुचलंच नाही. तिने विश्वास ठेवला असावा.

पुढचं तुम्ही सोसलंत, मी नुसतं ऐकलं. दुकानातल्या बाकावर हाल्वार म्हणाला, “काय एलिफ, आज न्याहारी पोटात आहे की होडीघरामागे ठेवून आलास?” दुसऱ्या दिवशी होडीघराच्या दाराला कोणीतरी बादली टांगली, तिच्यावर रंगाने तुमचं नाव. त्यांना गंमत वाटली असेल, आपल्याकडे माणसं अशीच गंमत करतात. तुम्ही बादली उतरवली आणि पुन्हा त्या बाकावर बसला नाहीत. मला एक फोन केलात. आवाज चढवला नाहीत. “छापण्याआधी एक फोन करायला काय झालं होतं? त्या पाद्र्याला करतेस ना?” आणि मी काय म्हणाले ते मला शब्दन्‌शब्द आठवतं. मी म्हणाले, “बाबा, लोकांना खरं कळायला हवं.” चोवीस वर्षांची होते. तुम्ही म्हणालात, “वारा वाढतोय.” तिथून ही हवा सुरू झाली.

त्यानंतर मला ते काम जमेना. समोरचा माणूस वही मिटल्यावर मनातलं बोलू लागला की मी उठून उभी राहायचे. म्हणायचे, थांबा, मला नका सांगू. अशी बातमीदार कोण ठेवणार? मी स्वतःच सोडलं. थिएटरात आले, कारण तिथे वाक्य आधी कागदावर असतं, आणि ज्याला ते बोलायचं असतं त्याच्या हातात सहा आठवडे असतात. पटलं नाही तर नट रोज भांडतो. मला ते भांडण आवडतं.

आता नाटकाचं सांगते. चार माणसं हवा निवळायची वाट बघत एका होडीघरात अडकली आहेत, एवढंच आहे. बोटीच्या म्हाताऱ्या तांडेलाचं काम सिगब्यॉर्न करतो, दक्षिणेकडचा आहे, समुद्रावर त्याला बोट लागते. तीन आठवडे त्याचं काम लाकडासारखं होत होतं. एक दिवस तो खाली बसला आणि म्हणाला, “गुन्वोर, हा माणूस इतका शूर आहे की मला याचा कंटाळा आलाय. याला काहीतरी होऊ दे, बाई. निदान सर्दी तरी होऊ दे.” सगळे हसले. आणि माझ्या तोंडून तुमचं वाक्य गेलं. कोणाचं ते सांगितलं नाही. तो उठला, भिंतीकडे तोंड करून उभा राहिला आणि ते हळू आवाजात बोलला, जसं काही मीठ मागतोय.

मागे सुतार दार बसवत होता, एडवर्ट नावाचा, सेन्या बेटावरचा. त्याचा हातोडा थांबला. तो पुढे आला आणि कोणाकडेच न बघता म्हणाला, “आमचा म्हातारा निघण्याआधी दोऱ्या तपासायला जायचा. अर्धा तास. दोऱ्या दोनच होत्या.” मग पुन्हा दार बसवायला गेला. त्या दिवशी आमची तालीम पुढे झालीच नाही. बाबा, तुमच्या बोटीवर पाच माणसं होती. हाल्वार त्यांतला एक. तो सकाळी काय तपासायला जायचा, हे मला ठाऊक नाही, पण त्या दिवसापासून मी त्याच्या हसण्याचा विचार करते.

तेव्हा नाटकात ते वाक्य आता आहे. सगळं नाटक त्याच्यावर उभं आहे. ते काढलं तर उरतील चार माणसं आणि पाऊस. आणि फेब्रुवारीत आम्ही दौऱ्यावर निघतो, नववा मुक्काम आपल्या बेटावर, समाजघरात. पुढच्या रांगेत बायका विणकाम घेऊन बसतील, मागे हाल्वार उभा असेल. ते वाक्य ऐकताच सगळ्यांना कळेल कोणाचं आहे. फक्त तिथे गाळावं असंही मनात आलं होतं. पण मग इतर सगळीकडे ते मी चोरूनच वदवून घेत राहिले असते.

आत्याला जे सांगितलं ते खोटं होतं. फोन करायचं मला सुचलं होतं. बोटीवरून उतरल्यावर धक्क्यावरच फोन होता आणि खिशात नाणी होती. मी केला नाही, कारण वाचून दाखवलं असतं तर तुम्ही ‘काढ’ म्हणाला असता, आणि मला काढायचं नव्हतं. लोकांना खरं कळावं म्हणून नव्हे. ते सुंदर होतं आणि ते माझ्या नावाखाली हवं होतं म्हणून. याची माफी मी आजवर मागितली नाही. आता मागते.

म्हणून हे पत्र. सोबत नाटकातलं ते पान आहे, तुमच्या वाक्याच्या बाजूला मी रेघ ओढली आहे. सहा वर्षं उशिरा वाचून दाखवते आहे. बदलायचं तर बदला, काढायचं तर काट मारा. मी हुज्जत घालणार नाही, आणि सिगब्यॉर्नला सर्दी देईन. पहिला प्रयोग सव्वीस तारखेला आहे, त्यामुळे बावीसपर्यंत मी वाट पाहीन. वर्तमानपत्रात वेळेत उत्तर आलं नाही तर आम्ही तो होकार धरायचो. या वेळी उत्तर आलं नाही तर मी तो नकार धरीन आणि वाक्य काढीन, त्यासाठी तुम्हाला काहीच करायची गरज नाही. पण बाबा, नकार असला तरी तो गप्प राहून देऊ नका. पानभर काट मारा आणि परत पाठवा. पाकिटावर माझं नाव तुम्हाला लिहावंच लागेल.

तुमचीच,
गुन्वोर