दिसणारे पिस्तूल

१ जानेवारी २०१६, शुक्रवार

या नोंदींतून मला एक गोष्ट सिद्ध करायची आहे: शस्त्र बाळगायचेच असेल तर ते उघड बाळगावे. झाकून बाळगणाऱ्यापेक्षा उघड बाळगणारा अधिक प्रामाणिक असतो, आणि म्हणूनच अधिक सुरक्षितही. यातले पहिले विधान मला मान्यच आहे. दुसऱ्याला पुरावा हवा.

आजपासून टेक्ससात परवानाधारकाला कमरेचे पिस्तूल चारचौघांत उघड ठेवता येते. कालपर्यंत ते कोटाखाली झाकणे सक्तीचे होते. कायद्याने लपवाछपवी शिकवायची आणि वर तिला शिस्त म्हणायचे! संपले एकदाचे.

पण हे नुसते निमित्त. खरे कारण टेरेल ग्रूम्स. कॉलेजात माझ्या तर्कशास्त्राच्या वर्गातला सर्वांत कुशाग्र विद्यार्थी; आता बंद पडलेल्या गाड्या ओढून नेणारा ट्रक चालवतो. दिवसरात्र अनोळखी रस्ते, अनोळखी माणसे. परवाना आहे, पिस्तूल आहे. दुपारी नववर्षाच्या शुभशकुनाची चवळी खायला आला, तेव्हा त्याने तो प्रश्न माझ्यापुढे ठेवला.

"सर, पोलिसानं थांबवलं की लायसन्स मागच्या खिशात, आणि पिस्तूल तिथंच शर्टाखाली. हात मागं नेला तरी पंचाईत, नाही नेला तरी पंचाईत. उघडं ठेवलं तर त्याला आधीच दिसेल ना?"

"दिसेल! तेच तर!" — व्हर्डेल. माझी मुलगी. दवाखान्यात नर्स आहे. गोळी लागलेली माणसे तिने पाहिली आहेत, मी नाही. चवळीचा डाव तिने भांड्यात आपटला. "डॅडी, याला घरी पाठवा आणि शर्ट पँटच्या बाहेर काढून ठेवायला सांगा."

"मिस व्हर्डेल, मी सरांना विचारतोय."

"तेच तर दुःख आहे."

मी टेरेलला सांगितले: महिनाभर मी स्वतः उघड बाळगतो. तू काळा, मीही काळा. गाव तेच, रस्ते तेच, पोलीस तेच. मला जे दिसेल त्यावरून निर्णय देईन. तोवर तुझे झाकून ठेव. तो म्हणाला, "तुम्ही सांगाल तसं, सर."

४ जानेवारी

पहिला दिवस. राखाडी कोट, टाय, टोपी, उजव्या कमरेला रिव्हॉल्व्हर.

रिव्हॉल्व्हर वडिलांचे आहे. ते त्यांनी आयुष्यभर गळाच्या गांडुळांच्या बादलीत, ओल्या शेवाळाखाली लपवून नेले. कुणी अडवले की म्हणायचे, "मासे धरायला चाललोय, साहेब." ज्या माणसाला मासे आवडत नव्हते त्याने मासेमारीचे सोंग चाळीस वर्षे वठवले! गोऱ्या शेजाऱ्यांच्या बंदुका त्यांच्या ट्रकच्या मागच्या काचेत टांगलेल्या असत. मला त्या बादलीचा वास अजून येतो. त्या वासाशी माझे भांडण आहे, हे इथे नमूद करतो, म्हणजे पुढे कुणी म्हणायला नको की मी निःपक्ष होतो.

किराणा दुकानात एका बाईने ढकलगाडी वळवून दुसऱ्या रांगेत नेली. एका गोऱ्या पोराने — दाढी, टोपी, कमरेला माझ्यापेक्षा मोठे धूड — धावत येऊन हात मिळवला. "काका, तुम्हीसुद्धा आमच्यातलेच की!" चौऱ्याहत्तर वर्षांत या गावातल्या गोऱ्या माणसाने मला आमच्यातला म्हटले ते आज, आणि तेही कमरेकडे पाहून.

पेट्रोल पंपावर शेरीफचा तरुण डेप्युटी होता. टोपीला हात लावून म्हणाला, "गुड मॉर्निंग, प्रोफेसर." बस्स, इतकेच! त्याचा हात कमरेकडे गेला नाही. नोंद घ्यावी.

७ जानेवारी

गारठा. व्हर्डेलचा सकाळचा फोन — कुठे जाणार, कोणता कोट, मफलर घेतला का. हल्ली रोज करते. बोलून होते काय, तर थंडी.

कोर्टाजवळचा डेप्युटी दुसरा होता, पोक्त. त्यानेही मान लववली.

१० जानेवारी, रविवार

चर्चच्या दारावर पाटी.

कायदा असा: झाकलेले शस्त्र नको असेल तर एक पाटी, उघडे नको असेल तर दुसरी. अक्षरे इंचभर, इंग्रजीत आणि स्पॅनिशमध्ये. आमच्या चर्चने दुसरी तेवढी लावली. म्हणजे झाकून आणा, स्वागत आहे! या मंडळीत उघड बाळगणारा मी एकटा. एका म्हाताऱ्यासाठी दोन भाषांत पाटी!

पाळक दारात भेटले. ज्या बाळाचे नामकरण मी केले ते आता मला समजावते. "ब्रदर टार्व्हर, कोट लांब आहे ना तुमचा? वरून ओढून घ्या. कुणी विचारणार नाही."

"म्हणजे देवाच्या घरात लपवलेले चालते, सांगितलेले चालत नाही?"

"ब्रदर, देवाला दोन्ही दिसतं. मला आपल्या म्हाताऱ्या डोरोथीबाईंच्या छातीतल्या धडधडीची काळजी आहे."

उत्तर चलाख आहे. युक्तिवाद नव्हे. मी गाडीत बसून काचेतून गाणी ऐकली. आत पहिल्याच बाकावर चर्चचे कारभारी, तीन डीकन, तिघांच्याही कोटाखाली फुगवटा. मला ठाऊक आहे, त्यांना ठाऊक आहे की मला ठाऊक आहे, आणि सगळे मिळून सत्याचे स्तोत्र म्हणतात.

१३ जानेवारी

कुणी विचारले नाही. कुणी अडवले नाही. गावाने मला फुलदाणीसारखे मान्य केलेले दिसते.

१६ जानेवारी

अल्विन पगच्या न्हावी-दुकानात गेलो. एकाच शाळेत होतो आम्ही. त्याच्या जिभेला तेव्हाही लगाम नव्हता.

"ये लूशियस. तू या खुर्चीत बस. ते त्या खुर्चीत ठेव. त्याचेही केस कापायचेत का?"

"कायद्याने ते कमरेवरच हवे."

"मग वस्तरा फिरवताना मला हसवू नकोस. तुझा कान गेला तर तू मला गोळी घालशील, आणि वर ती कशी तर्कशुद्ध होती ते समजावशील."

"तू बाळगतोस का?"

"बाळगतो की. झाकायला हे पोट आहे ना! दहा वर्षांत मलाच नाही दिसली माझी कंबर, पोलिसाला काय दिसणार?"

दुकान हसले. मीही. मग केस झटकताना तो हळू आवाजात म्हणाला, "तुला कुणी काही करत नाही, कारण तू म्हातारा आहेस. लांबून चष्म्याचं घर वाटतं ते. टेरेल सहा फूट तीन इंच आहे रे."

आक्षेप योग्य स्वरूपात आलेला आहे, म्हणून उत्तर देतो. डेप्युटी मला शंभर पावलांवरून पाहतात. तेवढ्या अंतरावरून वय दिसत नाही. रंग दिसतो आणि शस्त्र दिसते. तरीही एकाचाही हात कमरेकडे गेलेला नाही. मग या शांततेचे कारण वय असू शकत नाही. कारण एकच उरते — जे उघड आहे त्याला कुणी भीत नाही.

कागदावर वाचून पाहिले. कुठे फट दिसत नाही.

२३ जानेवारी

महिना भरायचा आहे. पण पुरावा एका दिशेने साचत असेल तर थांबणे म्हणजे नुसता हट्ट. टेरेलला बोलावून निर्णय दिला: उघड ठेव.

त्याने कालच पट्ट्याला अडकवायचे नवे म्यान, होल्स्टर, आणून ठेवले होते! म्हणाला, "सर, खरं सांगू? इतकी वर्षं दर वेळी वाटायचं, काहीतरी चोरून नेतोय. स्वतःचंच." माझ्या वडिलांविषयी मी त्याला कधी सांगितलेले नाही.

व्हर्डेल पानावरून उठली. दारात थांबून त्याला म्हणाली, "टेरेल, तुझी आई असती तर तिनं डॅडींना झाडूनं हाणलं असतं."

"मिस व्हर्डेल, सरांना काही झालं का? एकदा तरी?"

तिने माझ्याकडे पाहिले. काहीतरी बोलणार होती. पण गाडीची किल्ली घेऊन निघून गेली.

२८ जानेवारी, गुरुवार

क्रमाने लिहितो.

सकाळी व्हर्डेलचा फोन आला. राखाडी कोट घालतो म्हटले. मग त्यावर कॉफी सांडली. तपकिरी घातला, टोपी बदलली, निघालो. पेट्रोल पंपावर पहिल्या दिवशीचाच तरुण डेप्युटी. मी गाडीतून उतरलो. त्याची पाठ ताठ झाली. हात कमरेवर. होल्स्टरचा पट्टा सुटल्याचा आवाज माझ्या चांगल्या कानाला स्पष्ट ऐकू आला.

"थांबा तिथंच! हात — हात दिसू देत!"

मी थांबलो. हात पुढे धरले. तो दोन पावले जवळ आला. मग त्याचा चेहरा सैल पडला, आणि तो हसला — हसला! "अरेच्चा, प्रोफेसर! आज तपकिरी होय? व्हर्डेल मॅडमनी राखाडी सांगितला होता."

मी विचारले, काय सांगितला होता? ते पोर मोकळे आहे, त्याने सगळे सांगितले. रोज सकाळी ती शेरीफच्या कचेरीत फोन करून सांगते: माझे वडील निघाले आहेत. अमुक कोट, अमुक टोपी. पिस्तूल उजव्या बाजूला. म्हातारे आहेत, डाव्या कानाने ऐकू येत नाही, हाक मारली आणि वळले नाहीत तर कृपा करून पुन्हा मारा. कचेरीतून ते सगळ्या गाड्यांना कळवतात. "आम्हाला तुमचे सगळे कोट पाठ झालेत, सर."

तिला विचारले. ती नाकारत बसली नाही.

"मग काय करायला हवं होतं मी? तुमचा युक्तिवाद खोडायला हवा होता? आयुष्यात एकदा तरी जमलंय का कुणाला?"

"टेरेलपुढे तू गप्प राहिलीस."

"त्याच्यासमोर तुम्हाला उघडं पाडायचं नव्हतं, डॅडी. वाटलं, एकटे असाल तेव्हा सांगीन. रोज वाटायचं, आज सांगीन."

तेव्हा स्थिती अशी: मी जिला कायद्याची शांतता समजत होतो ती माझ्या मुलीच्या रोजच्या विनवणीची होती. माझे उघडे शस्त्र उघडे कधी नव्हतेच. तिने ते रोज सकाळी झाकून दिले होते. बादली फक्त बदलली.

पुरावा बाद. निर्णय बाद.

२९ जानेवारी, शुक्रवार

टेरेलला सांगायला हवे. पण घाईत केलेली अर्धवट दुरुस्ती मूळ चुकीहून घातक ठरते. विद्यार्थ्यांना मी हेच शिकवत आलो. 'उघड ठेवू नकोस' एवढेच सांगितले तर तो 'का' विचारणार, आणि त्या 'का'चे उत्तर नीट मांडायला हवे. पहिले विधान, प्रामाणिकपणाचे, अजून उभे आहे की नाही, तेही ठरवायला हवे. रविवारी प्रार्थनेनंतर समोर बसवून सांगेन.

दुपारभर मसुदा केला. दोनदा फाडला.

३१ जानेवारी, रविवार

पहाटे व्हर्डेल आली. दवाखान्याचेच कपडे. म्हणाली, "डॅडी, बसा." मी बसलेलोच होतो.

काल दुपारी, शेजारच्या काउंटीत, आमच्या शेरीफच्या हद्दीबाहेर. हमरस्त्याच्या कडेला एका बाईची गाडी बंद पडली होती. टेरेल तिच्या गाडीखाली साखळी अडकवत होता. जाणाऱ्या कुणीतरी फोन केला — एका बाईच्या गाडीपाशी पिस्तूलवाला काळा माणूस. पोलीस मागून आला. ओरडला. टेरेल उठून वळला, कुणीही वळेल तसा. हातात साखळीचा आकडा होता.

बाई किंचाळून सांगत होती, तो मला मदत करतोय. अजूनही सांगते आहे, टीव्हीवर. पोलिसाचेही निवेदन आहे: पिस्तूल स्पष्ट दिसत होते.

त्या काउंटीत त्याच्यासाठी कुणी फोन केलेला नव्हता. कोण करणार? त्याचा कोट कुणाला पाठ होता?

अल्विन येऊन बसला. तासभर. जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवू लागला, आणि ठेवला नाही.

४ फेब्रुवारी

टेरेलला आज पुरले. २९ तारखेच्या नोंदीत मी एक गोष्ट लिहिली नाही. ती लिहून ही वही बंद करतो. त्या संध्याकाळी त्याचा फोन आला होता. "सर, उद्या पलीकडच्या काउंटीत जायचंय. तिथं मला कुणी ओळखत नाही. उघडंच ठेवू ना?" व्हर्डेल शेजारच्या खोलीत माझा राखाडी कोट इस्त्री करत होती. मी चुकलो हे मला एक दिवस आधीच कळले होते. ते तिच्या कानावर पडेल असे बोलायची मला लाज वाटली. मी म्हणालो, "हो."

— लूशियस टार्व्हर